६५ अंशांचे पाणी, ७ अंशांचे पाणी आणि मोकळे छत: कोणते तंत्र कुठे लावावे?

प्रश्न असा आहे: कारखान्यात यंत्रभाग धुण्यासाठी रोज १० हजार लिटर पाणी ६५ अंश सेल्सिअसवर लागते. ते ७ बारच्या वाफेने तापवले जाते. शेजारीच ५० टनांचा वॉटर-कूल्ड चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) दिवसाला दहा तास चालतो आणि ७ अंशांच्या पाण्याने कार्यालयाची इमारत व काही यंत्रे थंड ठेवतो. छत मोकळे आहे. सौर गरम पाणी बसवावे, हीट पंप (कमी तापमानाची उष्णता विजेच्या जोरावर वर चढवणारे यंत्र) घ्यावा, की उन्हावर चालणारा चिलर लावून दोन्ही कामे एकदम उरकावीत?

उत्तर आधी सांगतो, हिशेब मागून. पहिल्यांदा वाफेच्या पाइपांचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) नीट करा. मग चिलरच्या कंडेन्सरचे (जिथे तो उष्णता बाहेर टाकतो त्या भागाचे) पाणी वापरून कच्चे पाणी कोमट करा. उरलेली चढण ४० किलोवॉटच्या हीट पंपाने चढवा, आणि छतावर वीज तयार करणारे सौर पॅनेल टाका. सौर गरम पाणी काही परिस्थितींत याहून सरस ठरते, ती पुढे दिली आहे. उन्हावर चालणारा ॲब्सॉर्प्शन चिलर (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर थंडावा देणारा) तुमच्या बाबतीत जमत नाही.

आता आकडे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॉट-तास लागतात. कच्चे पाणी २५ अंशांचे धरले तर १० हजार लिटर ४० अंशांनी वर न्यायला रोज ४६५ युनिट उष्णता हवी. दुसरीकडे चिलर बघा. ५० टन म्हणजे १७६ किलोवॉट थंडावा. सरासरी ७० टक्के भार धरला तर १२३ किलोवॉट, त्यात कॉम्प्रेसरची २७ किलोवॉट वीज मिळवा. म्हणजे कूलिंग टॉवरवाटे दर तासाला १५० युनिट आणि दिवसाला १,५०० युनिट उष्णता हवेत जाते. लागते त्याच्या तिप्पट उष्णता टॉवरवर फेकायची आणि गरम पाण्यासाठी छतावर ऊन शोधायचे, हे काखेत कळसा आणि गावाला वळसा असेच झाले. अडचण एकच: टॉवरची उष्णता ३६ अंशांवर आहे आणि तुम्हाला ती ६५ वर हवी. म्हणून कोणतेही यंत्र निवडण्याआधी दोन गोष्टी ठरतात, उष्णता किती अंशांवर हवी आणि ती दिवसात कधी हवी. किती युनिट हा प्रश्न तिसरा.

त्यातला ‘किती अंशांवर’ हा भाग कारखान्यात कोणी तपासतच नाही. ६५ हा आकडा कुठून आला? बहुतेकदा वाफ होती, वाफेने पाणी सहज तापत होते, म्हणून थर्मोस्टॅट ६५ वर ठेवला गेला. नोझलपाशी थर्मामीटर धरा. टाकीत ६५ आणि नोझलवर ५२ असेल तर धुण्याचे काम ५२ वर होतच आहे, आणि मधले १३ अंश उघड्या पाइपात गेले. हीट पंपाच्या बाबतीत दर अंशामागे साधारण २ टक्के वीज वाचते, म्हणून हे तपासायला घालवलेला एक दिवस फुकट जात नाही. मात्र पाणी फवारले जाणार असेल आणि टाकीत साठून राहणार असेल तर साठवण ६० अंशांखाली आणू नका. २५ ते ४५ अंशांच्या पट्ट्यात लिजिओनेला जिवाणू झपाट्याने वाढतो.

सोबत एक आठवड्याची नोंद घ्या. पाइपावर बाहेरून बसणारे अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने मिळते. दर १५ मिनिटांनी प्रवाह, कच्च्या पाण्याचे तापमान, टाकीचे तापमान, कंडेन्सरला जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचे तापमान आणि चिलरची वीज, एवढे पुरे. सुट्टीचा दिवस त्यात यायलाच हवा. पुढची सगळी मापे या नोंदीवर उभी राहतात.

वाफेची गळती

७ बार दाबाची वाफ १७० अंशांची असते. ५० मिलिमीटरचा उघडा पाइप त्या तापमानाला मीटरमागे ३०० ते ४०० वॉट सोडतो. असा ५० मीटर पाइप चोवीस तास दाबाखाली राहिला तर दिवसाला ३६० ते ४८० युनिट गेले. म्हणजे तुमच्या सगळ्या गरम पाण्याला लागते तितकी उष्णता नुसत्या पाइपातून उडते. ५० मिलिमीटर जाडीच्या खनिज लोकरीने हा तोटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. लॅगिंग केलेल्या लाइनवरही व्हॉल्व्ह आणि फ्लँज उघडेच ठेवलेले दिसतात, कारण दुरुस्तीला अडचण नको. एक उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपाइतका तोटा करतो. त्यासाठी काढता-घालता येणारी कापडी जॅकेट मिळतात, ती वापरा.

स्टीम ट्रॅप उघडाच अडकला की तो कोणाला दिसत नाही, कारण काम चालू राहते, उलट पाणी लवकर तापते. ७ बारवर ३ मिलिमीटरच्या छिद्रातून ताशी २० ते ३० किलो वाफ निघून जाऊ शकते. नुसता गरम लागला म्हणून ट्रॅप चांगला, असे समजू नका. आधीच्या आणि नंतरच्या पाइपाचे तापमान मोजा आणि अल्ट्रासॉनिक श्रवणयंत्राने ऐका. उघडझाप करणाऱ्या ट्रॅपचा आवाज थांबून थांबून येतो, बिघडलेल्याचा सलग शिट्टीसारखा. कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) परत बॉयलरला आणा. ७ बारवरून वातावरणाच्या दाबाला येताना त्याचा १३ टक्के भाग पुन्हा वाफ होतो. छतावरच्या व्हेंटमधून पांढरा लोट दिसतो तो हाच. फीडवॉटर (बॉयलरला जाणारे पाणी) ६ अंशांनी गरम झाले की इंधन १ टक्का कमी लागते.

एवढे करूनही मोठा प्रश्न उरतो: ६५ अंशांच्या पाण्यासाठी १७० अंशांची वाफ. वाफेचे दुसरे कुठले काम नसेल तर बॉयलर नुसता दाब टिकवायला जळत राहतो. कमी भारावर वारंवार चालू-बंद होणाऱ्या बॉयलरची खरी कार्यक्षमता नेमपट्टीवरच्या आकड्यापेक्षा बरीच खाली असते. ती काढायची रीत सोपी आहे. दिवसाचे इंधन मोजा, टाकीत प्रत्यक्ष पोचलेली उष्णता मोजा आणि भागाकार करा. ५०-६० टक्के आले तरी आश्चर्य नको.

कंडेन्सरचे पाणी: पहिले ८ अंश फुकट

कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी ३६ अंशांचे असेल तर कच्चे पाणी प्लेट एक्स्चेंजरमधून (यात दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला जाते) २५ चे ३३ अंशांपर्यंत सहज जाते. ४० पैकी ८ अंश, म्हणजे ९३ युनिट. त्यासाठी फक्त एक छोटा पंप चालतो.

यात दोन चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह उघडला की अर्ध्या तासात तीन हजार लिटर पाणी धडाधड शिरते. ताशी १,००० लिटरसाठी निवडलेला ९-१० किलोवॉटचा एक्स्चेंजर तिथे काहीच करू शकत नाही. उपाय म्हणजे आधी २-३ हजार लिटरची कोमट पाण्याची टाकी ठेवायची आणि लहान पंपाने ते पाणी दिवसभर एक्स्चेंजरमधून फिरवत राहायचे. दुसरी चूक स्वच्छतेची. टॉवरच्या पाण्यात धूळ, शेवाळ, रसायने आणि जिवाणू असतात. एक्स्चेंजरची प्लेट फुटली तर ते धुण्याच्या पाण्यात मिसळू नयेत म्हणून स्वच्छ बाजूचा दाब नेहमी जास्त ठेवा, किंवा दुहेरी भिंतीच्या प्लेट घ्या. गॅस्केटवाला, उघडून घासता येणारा एक्स्चेंजरच घ्यावा. टॉवरच्या बाजूला ब्रेझ्ड (कायमची सांधलेली) प्लेट एक-दोन मोसमांत चोंदते.

चिलरला डीसुपरहीटर बसवण्याचा पर्यायही समोर येईल. कॉम्प्रेसरमधून निघणारा गरम वायू कंडेन्सरमध्ये द्रव होण्याआधी थोडी उष्णता सोडतो. ती एकूण उष्णतेच्या १० ते १५ टक्के असते आणि त्यावर पाणी ५५ अंशांपर्यंत जाऊ शकते. १५० किलोवॉटमागे १५ ते २० किलोवॉट म्हणजे वाईट नाही. पण जुन्या चिलरच्या रेफ्रिजरंटच्या (यंत्रात फिरून उष्णता वाहणाऱ्या वायूच्या) पाइपात हात घालावा लागतो, दाबाचा तोटा वाढतो, आणि चिलर कमी भारावर आला की ही उष्णताही घटते. नवा चिलर घेताना हे कारखान्यातूनच बसवून घ्या. चालू यंत्रात मी ते सुचवणार नाही.

ऑइल-फ्लडेड स्क्रू एअर कॉम्प्रेसर असेल तर मात्र तो आधी बघा. त्याने घेतलेल्या विजेतली ७० ते ८० टक्के तेलातून ६०-७० अंशांच्या पाण्याच्या रूपात परत मिळते. २२ किलोवॉटचा कॉम्प्रेसर दहा तास भरून चालला तर दीडशेहून जास्त युनिट हाताशी येतात, तेही हव्या त्या तापमानाला.

हीट पंप

आता ३३ वरून ६५, म्हणजे ३२ अंशांची चढण. ३७२ युनिट दहा तासांत, म्हणून ३७ किलोवॉट. ४० चे यंत्र पुरते. त्याला थंड बाजूने चिलरच्या कंडेन्सरचेच ३६ अंशांचे पाणी द्यायचे. हीट पंपाचा इव्हॅपोरेटर (उष्णता घेणारा भाग) २७ अंशांवर आणि त्याचा कंडेन्सर ६८ वर धरला तर सैद्धान्तिक कमाल सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णता किंवा थंडावा) निरपेक्ष तापमानांवरून निघतो: ३४१ (६८ अधिक २७३) भागिले ४१ (दोन तापमानांतला फरक), म्हणजे ८.३. चांगले यंत्र त्याच्या निम्म्यापर्यंत पोचते, म्हणून सीओपी ४ धरायला हरकत नाही. विजेचे ९३ युनिट आणि गरम पाण्यातली ४६५ युनिट उष्णता (८ अंश फुकटचे धरून) असा हा हिशेब आहे. हाच हीट पंप ७ अंशांच्या थंड पाण्याच्या बाजूला जोडला तर सीओपी अडीच-पावणेतीनवर उतरतो. पण तेव्हा तो चिलरचा भारही तितकाच कमी करतो, म्हणून दोन्ही कामांचा एकत्रित हिशेब ४ च्या पुढे जातो. चिलर अपुरा पडत असेल तर ही जोडणी बरी. तुमचा पुरतो आहे, म्हणून कंडेन्सरची बाजू घ्या. तिथे हीट पंप बंद पडला तरी थंडाव्याला धक्का लागत नाही.

रेफ्रिजरंटची निवड तापमानाने ठरते. वातानुकूलनातले साधे आर-४१०ए चे यंत्र ५५ अंशांच्या पुढे रडते. ६५ साठी आर-१३४ए, प्रोपेन किंवा अमोनियाची यंत्रे योग्य. आर-१३४ए चा तापमानवाढ निर्देशांक (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत) १,४३० आहे आणि २०१६ च्या किगाली दुरुस्ती या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वायूंचे उत्पादन व वापर टप्प्याटप्प्याने खाली आणले जात आहेत, त्यामुळे वीस वर्षे चालवायच्या यंत्रासाठी त्याचा विचार दोनदा करावा. प्रोपेन ज्वलनशील आहे; यंत्र मोकळ्या हवेत ठेवा, जवळपास तळघराचे तोंड किंवा गटार नको, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र ऐकायला आकर्षक वाटते आणि ९० अंशांपर्यंत पाणी देते, पण त्याचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या वर वायूचा द्रव होत नाही ते तापमान) ३१ अंशांवर आहे. आत येणारे पाणी जितके थंड, तितके ते खूश. आपण आधीच पाणी ३३ पर्यंत कोमट केले, म्हणजे त्याचा मुख्य फायदाच काढून घेतला. ते यंत्र घ्यायचे असेल तर कोमट करण्याची पायरी गाळून त्याला सरळ २५ अंशांचे पाणी द्यावे लागेल. दोन चांगल्या कल्पना एकमेकींना अशा मारतात.

टाकी किती मोठी घ्यायची ते वापराच्या वेळेवर ठरते. हीट पंप ताशी साधारण एक हजार लिटर तयार करतो. पाळीच्या शेवटी एका तासात चार हजार लागत असतील तर फरक टाकीने भरून काढायचा. नोंदीतून तासागणिक तयार झालेल्या आणि वापरलेल्या पाण्याची बेरीज काढत जा. दोन्हींतले सगळ्यांत मोठे अंतर म्हणजे टाकीचे किमान माप. सगळा वापर संध्याकाळी असेल तर सरळ १० हजार लिटर. टाकी उभी आणि उंच घ्या. थंड पाणी तळाशी, छिद्रांच्या पाइपातून हळू सोडा, म्हणजे थर ढवळले जाणार नाहीत. १०० मिलिमीटर लॅगिंग केलेली अशी टाकी दिवसाला दहा-अकरा युनिट गमावते. नुकसान नगण्य आहे.

हीट पंप बसवूनही वीज वाचत नाही, इंधनही कमी होत नाही, अशी तक्रार वारंवार येते. कारण सहसा यंत्रात नसतेच. आणीबाणीसाठी ठेवलेली वाफेची कॉइल टाकीच्या तळाशी असते आणि तिचा थर्मोस्टॅटही ६५ वर. पहाटे बॉयलर पेटला की तासाभरात सगळी टाकी गरम. आठ वाजता हीट पंप उठतो, बघतो तर काम संपलेले. वाफेची कॉइल टाकीच्या वरच्या एक-तृतीयांशात हवी, तिचा थर्मोस्टॅट ६० वर, आणि ती फक्त वरचा सेन्सर त्याखाली गेला तरच उघडावी. हीट पंपाचा सेन्सर खालच्या तिसऱ्या भागात. एवढा बदल पुरतो.

बाकीचे बिघाड साधे आहेत. थंड बाजूला गाळणी नसेल तर इव्हॅपोरेटर चोंदतो आणि कमी दाबाचा ट्रिप येतो. पाणी जड असेल तर ६५ अंशांच्या कंडेन्सरवर क्षार बसतात आणि महिन्यागणिक उच्च दाब चढत जातो. सॉफ्टनर लावा आणि रसायन फिरवून धुण्यासाठी दोन्ही बाजूंना व्हॉल्व्हसह तोंडे ठेवून घ्या. आणि चिलर बंद असेल त्या दिवशी हीट पंपालाही उष्णता मिळत नाही, म्हणून बॉयलर लगेच भंगारात काढू नका.

सौर गरम पाणी कधी

चिलर नसता, तर गोष्ट वेगळी होती. ऊन दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिट धरा, संपूर्ण संचाची कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.३ युनिट हाती. वर्षभरातल्या गरजेच्या ६५ टक्के भागवायची तर ३०० युनिट, त्यासाठी १३० चौरस मीटर कलेक्टर (ऊन शोषून पाणी तापवणारी पॅनेल) आणि सुमारे आठ हजार लिटरची टाकी (चौरस मीटरमागे ५० ते ७५ लिटर). शंभर टक्के गाठण्याचा हट्ट धरू नका. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी बसवलेले कलेक्टर कडक उन्हात निव्वळ जास्तीची उष्णता तयार करतात आणि ती कुठे टाकायची हा नवा प्रश्न उभा राहतो.

सपाट कलेक्टर की निर्वात नळ्या? पाण्याचे आणि हवेचे तापमान यांच्यातला फरक ३० अंश असेल तर ८०० वॉटच्या उन्हात दोन्ही साधारण ६२ टक्क्यांवर असतात. फरक ६० झाला की सपाट कलेक्टर ४३ वर घसरतो आणि नळ्या ५४-५५ वर टिकतात. म्हणून ६० अंशांपर्यंतच्या पाण्याला, उष्ण हवेत, सपाट कलेक्टर पुरतो आणि तो दणकट असतो. ८०-९० अंश हवे असतील तर नळ्या.

मोठ्या प्रमाणावर जिथे हे तंत्र चालते तिथे तापमान खालचे आहे, हे लक्षात घ्या. डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग शहराच्या उष्णता-जाळ्यासाठी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ५७ हजार चौरस मीटर सपाट कलेक्टर बसले. तिथे परतीचे पाणी ४० अंशांच्या आसपास येते. चिलीतील गॅब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत ३९ हजार चौरस मीटरचा संच इलेक्ट्रोविनिंगचे (विजेने तांबे वेगळे काढण्याचे) द्रावण कोमट ठेवतो, आणि ते काम रविवारीही चालते. सौर उष्णतेला असे सुट्टी नसलेले कामच मानवते.

सुट्टी असेल तर स्टॅग्नेशनला तोंड द्यावे लागते. पंप थांबला आणि ऊन पडत राहिले की सपाट कलेक्टर १८० ते २०० अंशांवर जातो, नळ्या २५० च्या पुढे. ग्लायकॉल (गोठू नये म्हणून कलेक्टरच्या पाण्यात घालतात ते द्रव्य) त्या तापमानाला विघटित होतो, आम्लधर्मी बनतो, काळा चिकट गाळ धरतो आणि आतून पाइप खातो. वर्षातून एकदा पीएच मोजा. ७ च्या खाली गेला की बदला. एक्स्पान्शन टाकी नुसत्या प्रसरणासाठी न मोजता कलेक्टरमधला सगळा द्रव वाफेने ढकलला जाईल असे धरून मोजा, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि सोमवारी सर्किट अर्धे रिकामे सापडते. गोठण्याची भीती नसलेल्या ठिकाणी ड्रेनबॅक पद्धत उत्तम: पंप थांबला की पाणी आपोआप खालच्या टाकीत उतरते आणि कलेक्टर कोरडा राहतो. त्यासाठी पाइपाला कलेक्टरपासून टाकीपर्यंत सलग उतार हवा. एक जागी जरी पोट पडले तरी तिथे पाणी अडते.

मांडणीचे काही आकडे. प्रवाह चौरस मीटरमागे ताशी ४० लिटर; १३० चौरस मीटरला ५,२०० लिटर, त्याला ५० मिलिमीटरचा पाइप. सगळ्या ओळींना सारखा प्रवाह मिळावा म्हणून उलट्या परतीची जोडणी करा, म्हणजे जी ओळ पहिली भरते ती शेवटी परत यावी. पंप चालू करणारा फरक ७ अंश, बंद करणारा ३. सेन्सर कलेक्टरच्या गरम तोंडाशी, द्रवात बुडालेल्या पॉकेटमध्ये हवा. पाइपाला बाहेरून टेपने चिकटवलेला सेन्सर पाच-दहा अंश खोटे बोलतो आणि पंप उशिरा सुरू होतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरला तर रात्री टाकीतले गरम पाणी आपोआप छतावर चढून थंड होते. गॅल्व्हनाइज्ड पाइप ग्लायकॉलसोबत नको, आणि कलेक्टरच्या सर्किटमध्ये प्लॅस्टिकचा पाइप कुठेच नको. लॅगिंग खनिज लोकरीचे, वर पत्र्याचे आवरण. उघडा काळा फोम उन्हाने आणि पक्ष्यांनी दोन वर्षांत संपतो.

एक सावधगिरी विसरली जाते. टाकाऊ उष्णता आणि सौर कलेक्टर, दोघांनाही थंड पाणी आवडते. आधी कंडेन्सरने पाणी ३३ वर नेले, मग ते कलेक्टरला दिले, तर कलेक्टरचे उत्पन्न ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी येणारच. दोन्ही बसवायची असतील तर सौर भाग उरलेल्या भारावरच मोजा. विक्रेता सहसा मूळ भारावर मोजतो.

छतावर आणखी एक स्पर्धा आहे. २० टक्के कार्यक्षमतेचे वीज पॅनेल १,००० वॉटच्या उन्हातून २०० वॉट वीज देते. सीओपी ३ च्या हीट पंपातून ती ६०० वॉट उष्णता होते, जवळजवळ सौर कलेक्टरइतकीच. वर सुट्टीच्या दिवशी तीच वीज दुसरीकडे वापरता येते, किंवा नुसती सोडून दिली तरी काही वितळत नाही. मात्र ती वीज साध्या हीटरच्या कॉइलला देऊ नका, तिथे २०० चे २०० च राहतात. तुमच्या हीट पंपाचे रोजचे ९३ युनिट २२ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे ११० चौरस मीटरच्या पॅनेलमधून निघतात.

ऊन एका जागी गोळा करणारे आरशांचे ट्रफ (लांब पन्हळी) किंवा शेफलर तबकडी (आरशांची मोठी थाळी) फक्त थेट किरणे पकडतात. धूसर आकाशात त्यांचे उत्पन्न कोसळते आणि आरसे नियमित पुसावे लागतात. १५०-२०० अंशांची प्रक्रिया असेल तर त्यांचा विचार करा, ६५ अंशांच्या पाण्यासाठी नको.

उन्हावरचा चिलर

लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणावरचा सिंगल-इफेक्ट (उष्णता एकदाच वापरणारा) ॲब्सॉर्प्शन चिलर ८५ ते ९५ अंशांच्या पाण्यावर चालतो आणि त्याचा सीओपी ०.७ असतो. तुमचा दिवसाचा थंडावा १,२३० युनिट. त्यासाठी ९० अंशांची १,७५० युनिट उष्णता लागेल. या तापमानाला नळ्यांच्या कलेक्टरकडून दिवसाला चौरस मीटरमागे २ युनिट मिळाले तर ८८० चौरस मीटर. तोच थंडावा आहे त्या चिलरने, छतावरच्या विजेवर काढायचा तर सुमारे ३३० चौरस मीटर पुरतात. शिवाय इलेक्ट्रिक चिलर एक किलोवॉट थंडाव्यामागे १.२ किलोवॉट टॉवरला देतो, ॲब्सॉर्प्शन चिलर २.४. म्हणजे टॉवर दुप्पट, पंप दुप्पट आणि बाष्पीभवनात जाणारे पाणीही दुप्पट. १०० टनांना ताशी सहाशे लिटरच्या जागी साडेबाराशे.

देखभालही नाजूक. आतला दाब साधारण ९ मिलिबार असतो. बारीक गळतीतून हवा शिरली की क्षमता गळून जाते. टॉवरचे पाणी अचानक फार थंड झाले किंवा वीज मध्येच गेली तर घट्ट द्रावणाचे स्फटिक बनून एक्स्चेंजर तुंबतो, आणि तो सोडवायला तासन्‌तास बाहेरून गरम करत बसावे लागते. हे यंत्र वाईट नाही. इंजिनाच्या जॅकेटचे ९० अंशांचे पाणी दिवसरात्र वाया जात असेल, किंवा वीजजोडणीची मर्यादा वाढतच नसेल, तिथे ते चोख काम करते. १५०-१८० अंशांची टाकाऊ उष्णता असेल तर डबल-इफेक्ट (उष्णता दोनदा वापरणाऱ्या) यंत्राचा सीओपी १.२ पर्यंत जातो.

चिलरच्या बाजूला आधी दुसरीच कामे आहेत. ७ अंशांचे पाणी नक्की कोणाला हवे? हवेतील आर्द्रता काढणाऱ्या एअर हँडलरला हवे असेल. यंत्रे थंड ठेवायला १५-१८ अंशही चालतात. थंड पाणी एक अंशाने वर नेले की कॉम्प्रेसरची वीज २ ते ३ टक्के घटते, टॉवरचे पाणी एक अंशाने खाली आणले तरी तितकीच. यंत्रांचा भाग मोठा असेल तर तो वेगळ्या सर्किटवर काढा. हवा कोरडी असेल तेव्हा तो नुसत्या टॉवरवर भागतो, कारण टॉवर वेट बल्बच्या (ओले कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या तापमानाच्या) ३-४ अंश वरपर्यंत पाणी थंड करतो. जाणाऱ्या-येणाऱ्या थंड पाण्यातला फरक साडेपाच-सहाऐवजी दोन-तीन अंश दिसत असेल तर कुठेतरी थ्री-वे व्हॉल्व्ह किंवा बायपास थंड पाणी न वापरताच परत पाठवत आहे. आणि कंडेन्सरमधील रेफ्रिजरंटचे तापमान बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून वर गेले की नळ्यांना ब्रश लावायची वेळ झाली.

खरेदीच्या करारात हीट पंपाच्या गरम बाजूला एक उष्णतामीटर आणि त्याच्या विजेसाठी वेगळा मीटर नक्की लिहून घ्या. रोज एकाच वेळी दोन्ही आकडे टिपा आणि भागाकार करा. पहिल्या महिन्यात ४ येत होते आणि आता ३.२ येतात असे दिसले, तर आधी थंड बाजूची गाळणी उघडा, मग कंडेन्सरवरचे क्षार बघा, आणि शेवटी टाकीचा थर्मोस्टॅट कोणी ७० वर फिरवून ठेवला आहे का ते पाहा.